माहीत असलेली तार

ग्रेगनं ते कौतुकानंच म्हटलं होतं, यात शंका नव्हती. धवलचं वर्षश्राद्ध होऊन चार-पाच दिवस झाले होते. संयोगिता राजारामपुरीतल्या आपल्या स्वयंपाकघरात लसूण सोलत बसली होती, आणि तिचे यजमान, तात्या, फोन दोन्ही हातांत धरून, पाण्यानं भरलेलं भांडं आणावं तसा सांभाळत तिच्यासमोर घेऊन आले. फोनच्या काचेत ग्रेगचा उन्हानं रापलेला लालसर चेहरा होता. ऑस्ट्रेलियात धवल ज्याच्याकडं पिकांवर औषध फवारायचं विमान चालवायचा, तो हा मालक. त्याच्या पाठीमागं पत्र्याची शेड आणि नुसतं आभाळ. तो सावकाश बोलत होता, शब्द सुटे सुटे करून, या म्हाताऱ्या माणसांना कळावं म्हणून. तुमच्या मुलाइतका काळजीचा पायलट मी बघितला नाही, तो म्हणाला. ती तार त्याला माहीत होती. त्या दिवशी सकाळी त्यानंच मला ती हात लांब करून दाखवली होती. तात्या म्हणाले, "थँक यू. थँक यू व्हेरी मच." त्यांचा आवाज भरून आला होता. संयोगितेच्या अंगठ्याच्या नखात लसणाचं साल रुतलं, आणि ते तिथंच ठेवून ती काचेतल्या त्या आभाळाकडं बघत राहिली. माहीत होती.

वर्षभर ती तार तिच्या मनात एक परकी गोष्ट होती. दबा धरून बसलेली, पोराला न दिसलेली. विमान गव्हाच्या शेतावर पुरुषभर उंचीवरून जातं, समोर एकदम तार येते, चाक अडकतं आणि सगळं संपतं. हे तिनं मनात इतक्यांदा बघितलं होतं की त्याच्या कडा झिजून गेल्या होत्या. त्याला माहीतच नव्हतं, पोराला कळलंसुद्धा नाही, असं म्हणता येत होतं. भेटायला आलेल्या बायका तेच म्हणायच्या, आणि तीही मान हलवायची. त्या मान हलवण्यातच जी काय ती विश्रांती होती. आता त्या एका वाक्यानं तार परकी राहिली नाही. ती धवलच्या ओळखीची निघाली. सकाळी त्यानं तिच्याकडं बोट केलं होतं आणि दुपारी तो तिच्याकडं गेला होता. या दोन गोष्टींच्या मधे काय होतं, ते तिला कुणी सांगणार नव्हतं. तिनं लसूण सोलून संपवला, फोडणी टाकली, तात्यांना जेवायला वाढलं. तात्यांनी त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

मग तात्या ते वाक्य सगळ्यांना सांगू लागले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणारी त्यांची चार माणसं होती, त्यांना सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं, जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला सांगितलं. "मालकानं स्वतः फोन केला की. म्हणाला, असा काळजीचा पायलट बघितला नाही. तार होती ते त्याला ठाऊक होतं, पण नशिबापुढं काय?" ती आत पोळ्या लाटत असायची आणि बाहेरून ते वाक्य यायचं. दर खेपेला तात्यांचा आवाज थोडा अधिक ताठ व्हायचा. वर्षभर वाकून बसलेला माणूस त्या वाक्याला धरून उभा राहत होता, आणि तिला मात्र त्याच वाक्यानं रोज थोडं थोडं खाली बसवलं होतं. तिला वाटे, एकदा बाहेर जाऊन विचारावं, अहो, ठाऊक होतं तर मग कसं? पण पोळी करपायची, आणि प्रश्न तसाच तव्यावर राहायचा.

कारण तिच्याजवळ फोनवरचं एक बोलणं होतं, जे तात्यांना ठाऊक नव्हतं. अपघाताच्या आदल्या रविवारी धवल तिच्याशी बोलला होता. मैथिली, त्याची बायको, त्याला सोडून पुण्याला माहेरी निघून आल्याला तेव्हा अर्धं वर्ष झालं असेल. त्याविषयी तो काही बोलत नसे. त्या दिवशी हवेचं, गव्हाचं, कुठल्याशा कांगारूचं बोलून झाल्यावर तो मधेच म्हणाला होता, "आई, आता पुरे वाटतंय गं." ती म्हणाली होती, "मग ये की चार दिवस. दिवाळी करून जा." तो हसला होता. तिनं त्यात घरची ओढ ऐकली होती. परक्या मुलखात राहून कंटाळलेलं पोर, दुसरं काय? आता तेच शब्द रात्रंदिवस तिच्या कानात उलटेसुलटे व्हायचे. पुरे वाटतंय. काय पुरे? तिकडं राहणं? विमान? की आणखी काही, ज्याला ती दिवाळीचं उत्तर देऊन बसली?

आणि मग ती मागं मागं जाऊ लागली. छत्तीस वर्षांचं सगळं पोर उलगडून ती बघू लागली, गहू निवडावेत तसं. पन्हाळ्याच्या तटावर, तो सहा-सात वर्षांचा असताना, कठड्यावर पोट टेकून खाली दरीत इतका वाकला होता की तिनं चड्डी धरून मागं ओढला होता. रडला नव्हता, घाबरला नव्हता. "खाली किती हिरवं आहे," एवढंच म्हणाला होता. मुरगूडला तिच्या माहेरी, धड पोहता येत नव्हतं तरी त्यानं विहिरीत उडी टाकली होती, आणि मामानं वर काढल्यावर सगळे हसले होते. "वाघ हाय वाघ!" तीही हसली होती. या गोष्टी घरात अभिमानानं सांगितल्या जायच्या, तो पायलट झाल्यावर तर फारच. त्याच गोष्टी आता साक्षीदारासारख्या एकेक करून उभ्या राहत होत्या. दरी बघून हे पोर मागं का सरलं नाही? विहिरीच्या काठावर त्याला क्षणभर थांबावंसं का वाटलं नाही? संध्याकाळी ती गॅलरीत उभी राहायची. समोरच्या गल्लीवरून विजेच्या, केबलच्या, फोनच्या कितीतरी तारा या घरातून त्या घरात गेलेल्या. इतकी वर्षं तिथं राहून तिनं त्या कधी पाहिल्या नव्हत्या. आता आभाळ बघू गेलं तरी आधी तारा दिसायच्या. ती पाठ फिरवून आत यायची. आत तात्या टीव्ही बघत असायचे. "चहा टाकतेस का?" विचारायचे. ती टाकायची.

उजैरची आठवण तिला नवरात्र संपल्यावर झाली. ती भूगोल शिकवायची. नोकरीची शेवटची बरीच वर्षं शिरोळच्या हायस्कुलात गेली होती, रोज एसटीनं येऊन-जाऊन. उजैर तिथला तिचा विद्यार्थी. डिप्लोमा करून, पुण्यात दुसऱ्याच्या हाताखाली राबून त्यानं स्वतःचा फवारणीचा ड्रोन घेतला होता. आता नदीकाठच्या उसावर औषध मारत फिरायचा. धवल गेला तेव्हा तो भेटायला आला होता आणि तासभर बसून गेला होता. तो एकटाच असा होता, ज्यानं 'त्याला कळलंसुद्धा नसंल' असं म्हटलं नव्हतं. तेव्हा ते तिला खुपलं होतं. आता त्यासाठीच त्याला भेटावंसं वाटलं. शाळेतल्या जुन्या बाईंकडं जाऊन येते, असं तात्यांना सांगून ती सकाळच्या एसटीत बसली.

ऑक्टोबरचं ऊन सकाळपासूनच भाजत होतं. उजैर स्टँडवर त्याची छोटी टेम्पो गाडी घेऊन आला होता. मागं ड्रोन घडी घालून ठेवलेला, एखाद्या मोठ्या मेलेल्या पक्ष्यासारखा. "बसा मॅडम. घरी जाऊया न्हवं? अम्मीनं थांबा म्हटलंय." ती म्हणाली, "आधी काम कर. मी बघते." गाडी नदीच्या बाजूला वळली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस इतका वाढला होता की वर फक्त आभाळाची पट्टी उरली होती. पावसाळ्यातल्या पुराची खूण सगळीकडं होती. विजेच्या खांबांना उंचावर वाळलेलं गवत आणि चिंध्या लटकलेल्या. पाणी कुठवर आलं होतं ते गावानं पुसलं तरी खांबांनी पुसलं नव्हतं.

तिनं विचारलं ते सरळच विचारलं. "उजैर, माहीत असलेल्या तारेला कुणी धडकतं का रे?"

त्यानं गाडीचा वेग कमी केला. रस्त्यावरून नजर न काढता म्हणाला, "जास्त करून त्यालाच धडकत्यात, मॅडम."

"म्हणजे?"

"म्हाईत नसलेल्या तारंचं भ्या असतंय. माणूस हुडकत ऱ्हातोय, कुठं हाय, कुठं हाय म्हणून. म्हाईत असली की डोकं म्हणतंय, झालं, ठाऊक हाय की. आन् मग ते दुसऱ्या कामाला लागतंय." तो थोडा थांबला. "ट्रेनिंगला आमास्नी हेच पयलं सांगितलंय. तारा काय दिसत न्हाईत, खांब दिसत्यात. तार आपण मनानं लावायची असती. मन हललं की तार गेली."

ती गप्प बसली. पोर चांगलं आहे, तिच्या मनात आलं. माझ्या मनातलं याला कळलंय आणि हा मला धीर देतोय. ट्रेनिंगचं नाव सांगून धीर देतोय. तिनं आयुष्यभर मुलांना सांगितलं होतं की जे पाठ आहे ते विसरत नाही. जे त्यानं सकाळी स्वतः दुसऱ्याला दाखवलं, ते दुपारी विसरेल? घरातला खांब कुणी विसरतं? तिनं खिडकीबाहेर मान वळवली आणि उजैरनं गाडीचा वेग वाढवला.

रान चिमणाबाईंचं होतं. साठीच्या, काटक, डोक्यावरून पदर घट्ट ओढून बांधावर उभ्या असलेल्या बाई. मुलगा साखर कारखान्यावर कामाला, रान त्याच बघायच्या. "ह्या कोण पावण्या?" त्यांनी खड्या आवाजात विचारलं. उजैर म्हणाला, "आमच्या मॅडम. शाळंतल्या." "मग बसा की सावलीला. ऊन लई हाय." पण उजैरची अडचण झाली होती. त्याचा जोडीदार त्या दिवशी आला नव्हता, त्याच्या चुलत्यांकडचं कुणीतरी वारलं होतं. ड्रोन उसाच्या पल्याड गेला की इकडून दिसत नाही. पल्याडच्या बांधावर उभं राहून फोनवर सांगणारा माणूस लागतो. "ऱ्हाऊ दे आज," तो म्हणाला. चिमणाबाई म्हणाल्या, "आज न्हाई तर कवा? मावा सगळा ऊस खाऊन जायाचा व्हय?" संयोगिता म्हणाली, "मी राहते उभी. सांग काय करायचं ते."

तो नको नको म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबला. दोघं बांधानं पल्याड चालत गेली. तिथं एकच तार होती. बांधाच्या कोपऱ्यातल्या खांबावरून निघून उसाच्या एका टोकावरून तिरकी जाऊन विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीला मिळालेली. त्यानं ती हातानं दाखवली. मग म्हणाला, "आता तुमी दावा." तिनं हात लांब केला आणि खांबापासून खोलीपर्यंत बोट नेलं. उन्हानं फिकटलेल्या आभाळात तार मधेच दिसायची, मधेच नाहीशी व्हायची. बोट मात्र सरळ गेलं. हात खाली घेता घेता ती थांबली. असाच धवलनं त्या सकाळी हात लांब केला असेल. असाच. उजैरनं चिमणाबाईंना हाक मारून लाईट बंद करता येईल का विचारलं. त्या म्हणाल्या, "आठवड्यात तीनच दीस दिवसाची लाईट देत्यात, आज मोटार बंद ठिवून कसं चालंल? पाणी चालू हाय पल्याडच्या सरीला. तू लांबनं मार की." तो म्हणाला, "बरं. मॅडम हाईत."

ड्रोन उठला. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा पुष्कळ मोठा होता, पोटात घुमणारा. तो उसाच्या शेंड्यांवरून सरळ पट्टे मारत येत होता, वळत होता, जात होता. कानाला लावलेल्या फोनमधून उजैरचा आवाज येत होता, आणि ड्रोन त्या कोपऱ्याजवळ आला की ती दर वेळी मोठ्यानं "तार!" म्हणत होती. तो "व्हय मॅडम" म्हणून यंत्र मागं घेत होता. तिची नजर तारेवरून हलत नव्हती. घाम डोळ्यांत उतरला तरी तिनं पुसला नाही. तिच्या मनात एक कडू समाधान साठत होतं. बघ, तिनं कुणाला तरी म्हटलं, माहीत असली की विसरत नाही. एकदाही विसरले नाही. मोठं रान सगळं मारून झालं. उजैरनं ड्रोन खाली उतरवून टाकी भरली, बॅटरी बदलली, आणि फोनवर म्हणाला, "झालंच मॅडम. नुसता कोपरा ऱ्हायलाय, हातानं मारतो. दोन मिनटं."

तिनं श्वास सोडला. पाय दुखत होते. चिमणाबाई तांब्या घेऊन बांधानं तिच्याकडं आल्या, पाणी दिलं, शेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "उजैर सांगत हुता. तुमचं पोरगं बी असंच औषध मारायचं म्हणं. इमानात बसून."

"हो," ती म्हणाली.

"भ्या वाटत नसंल त्याला?"

"नाही. त्याला आवडायचं."

हे वाक्य तिच्या तोंडून सहज गेलं, आणि ते तिनं वर्षभरात कुणापाशीही म्हटलं नव्हतं. ड्रोन पुन्हा उठून आला होता. आता तो सरळ पट्ट्यात नव्हता, उजैरच्या हातात होता, घारीसारखा कलून वळत होता. ऊन त्याच्या पाठीमागं होतं. खालचा ऊस वाऱ्यानं दुभंगत होता, पात्यांची पांढुरकी खालची बाजू वर येत होती, पुन्हा हिरवी होत होती. औषधाच्या तुषारांवर क्षणभर रंग उमटत होते. किती हिरवं आहे हे, तिला वाटलं. वरून कसं दिसत असेल! तिथं बसलेल्या माणसाला शेत असं अंगाखालून वाहत जाताना. तिला धवलचा हात दिसला, विमानाच्या दांड्यावर सैल ठेवलेला. त्याच्या मानेवरचा घाम दिसला. तो काहीतरी गुणगुणत होता, तो नेहमी कामात असला की गुणगुणायचा. किती दिवसांनी तो असा आला होता, प्रश्न न घेता. कानातला उजैरचा श्वास तिला ऐकू येत होता, पाण्याची गार चव तोंडात होती, आणि ती बघत होती. नुसती बघत होती.

मग आवाज बदलला. एक कापरा, ओढलेला आवाज, निळसर ठिणगी, आणि ड्रोन एका बाजूला फेकल्यासारखा उसात पडला. त्याच्या मागोमाग तार सळसळत खाली आली. तिचं टोक सरीतल्या पाण्याशी तडतडलं.

"पाऊल उचलू नगा!" फोनमधून नाही, उसाच्या पल्याडून तो ओरडला. "मॅडम! चिमणामावशी! पाय जोडून हुब्या ऱ्हावा! हलू नगा! वल्या रानात करंट उतरलाय!"

चिमणाबाईंनी तिचा दंड धरला. दोघी पाय जुळवून उभ्या राहिल्या. उजैर वायरमनला फोनवर शिव्या देत होता, हात जोडत होता, डीपीवरनं लाईट बंद कर म्हणत होता. सरीतलं पाणी त्यांच्या पायांपासून थोड्याच अंतरावर चमकत होतं. तार एकदा उडाली, पुन्हा पडली. चिमणाबाई पुटपुटत होत्या, "आई अंबाबाई, आई अंबाबाई." आणि संयोगितेच्या मनात त्या वेळी भीती नव्हती. तिथं फक्त एक मोठी रिकामी जागा होती. तार. मी तार म्हटलंच नाही. ती समोर होती, मी समोर होते, आणि ती नव्हतीच. मला कुठं मरायचं होतं? उलट मी कधी नव्हे ती सुखात होते. तिच्या घशातून एक हुंदका वर आला आणि हसल्यासारखा बाहेर पडला. चिमणाबाईंनी तिच्याकडं चमकून बघितलं.

लाईट गेल्यावर उजैर उसातून धावत आला. आधी त्यानं दोघींना हात लावून बघितलं. मग तो ड्रोनकडं गेला. ड्रोनचे दोन हात मोडले होते, मधली पेटी जळून वास येत होता. तो तिथंच सरीत बसला, चिखलात, आणि त्याचे खांदे हलू लागले. ती त्याच्यामागं जाऊन उभी राहिली.

"उजैर, मी विसरले रे. मला दिसलीच नाही."

"मला बी कुठं दिसली?" तो मान वर न करता म्हणाला. "दोन मिनटांचं काम हुतं." मग बऱ्याच वेळानं, "अम्मीला काय सांगू आता?"

तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. पोराचं सगळं उभं केलेलं तिच्या डोळ्यांदेखत, तिच्या चुकीनं मोडलं होतं, आणि तिच्या छातीवरचा दगड मात्र उतरला होता. त्या हलकेपणाची तिला इतकी लाज वाटली की तिनं हात काढून घेतला. चिमणाबाई बांधावरून ओरडत होत्या, "माणसं वाचली ह्येच मोप. रडतोस कशापायी?"

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. जयसिंगपूर गेलं, हातकणंगले गेलं. लढाई सरलेल्या माणसासारखी ती पेंगत होती, जागी होत होती. पन्हाळ्यावरचं पोर पुन्हा फक्त पन्हाळ्यावरचं पोर झालं होतं. 'पुरे वाटतंय' म्हणजे घरी यावंसं वाटतंय. तेवढंच. येणारच होता तो. तिनं घरी पोचेपर्यंत ठरवलं होतं की तात्यांना सांगायचं. उजैरसाठी काहीतरी करावं लागेल, त्यासाठी तरी सगळं सांगावंच लागेल. आणि महिनाभर ती एकटीनं हे ओझं वाहत होती, ते आता दोघांत खाली ठेवावं.

तात्या गॅलरीत पेपर घेऊन बसले होते, दिवेलागणीची वेळ होती. तिच्या साडीला चिखल बघून ते उठले. तिनं त्यांना बसवलं, आपणही बसली, आणि सांगितलं. शिरोळ, उजैर, तार, बांध, सगळं. ती भराभर बोलत होती, तिचे डोळे चमकत होते. तात्या मधेमधे "अरे बापरे" म्हणत होते, "तुला लागलं नाही ना?" विचारत होते. शेवटी तिनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "अहो, खरंच विसरायला होतं. माहीत असून विसरायला होतं. त्यानं मुद्दाम नव्हतं केलं."

तात्यांचा हात तिच्या हातात होता, म्हणून तिला ते आधी हातातच कळलं. बोटं थांबली.

"मुद्दाम?" ते म्हणाले.

तिनं त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

"मुद्दाम म्हणजे? कोण म्हणालं मुद्दाम?"

"कुणी नाही हो. मलाच उगाच... पण तसं नव्हतं. मी तेच सांगतेय. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही कळलं असतं. समोर असून ती तार..."

ती पुन्हा सांगू लागली. ऊन कसं होतं, ऊस कसा दुभंगत होता, ती काय बघत होती. पण सांगताना तिला दिसत होतं की शब्द त्यांच्यापर्यंत पोचून तिथंच पडताहेत. ते मान हलवत होते, तिला बरं वाटावं म्हणून. गाडीत ती उजैरसमोर गप्प बसली होती, तसेच ते बसले होते. त्यांची नजर तिच्यावरून सुटून समोरच्या गल्लीवर गेली होती आणि तिथं काहीतरी शोधत होती.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "होतं असं."

खाली कुणीतरी स्कूटर लावली. शेजाऱ्यानं जिन्यातून हाक मारली, "काय तात्या, आज फिरायला दिसला नाहीत?" तात्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं बराच वेळ पुसला, आणि पुन्हा लावला.

"मैथिलीचा नंबर आहे का गं तुझ्याकडं?"

"कशाला?"

"काही नाही. तिच्याशी शेवटचं काय बोलला होता तो, विचारावं म्हटलं."

"उद्या विचारा," ती म्हणाली. "आता जेवून घ्या."

"हो," तात्या म्हणाले, आणि फोन हातात घेऊन तसेच बसून राहिले.